अनोळखी बिल्ला

ऑफिसात त्याला सगळे गाळणी म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर काका. पण आपलं दुसरं नाव त्याला माहीत होतं आणि मनातून ते आवडतही होतं. चोथा गाळणीत राहतो, कपात स्वच्छ चहा उतरतो. यात वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे?

त्याचं काम अर्थात चहाचं नव्हतं, कॅलेंडरच्या फायलींचं होतं. कुणी तुम्हाला भेटीचं आमंत्रण पाठवतं, ते तुमच्या फोनवर उमटतं, तुम्ही ‘येणार’ या शब्दावर बोट टेकवता. या सगळ्या कारभाराच्या पोटात एक साधी मजकुराची फाईल असते. फाईलमध्ये ओळी असतात आणि प्रत्येक ओळीची ठेवण ठरलेली असते. आधी ओळीचं नाव, मग कोलन, मग खरी माहिती. ओळीचं नाव ‘सुरुवात’ असेल तर पुढे तारीख आणि वेळ. ‘पाहुणा’ असेल तर पुढे त्या माणसाचा ईमेल पत्ता. पण नाव आणि कोलन यांच्या मधल्या जागेत, अर्धविराम देऊन, आणखी बारीकसारीक गोष्टी अडकवता येतात. त्यांना पॅरामीटर म्हणतात. समारंभाच्या दारात पाहुण्यांच्या छातीवर बिल्ले लावतात ना, अगदी तसे. एका बिल्ल्यावर पाहुण्याचं नाव, दुसऱ्यावर तो यजमान की नुसता बघ्या, तिसऱ्यावर तो येणार की नाही येणार. ऑफिसात सगळे त्यांना बिल्लेच म्हणत.

त्याने लिहिलेला कोड दोन कामं करी. आलेली फाईल एकेक अक्षर वाचत बिल्ले सुटे करी, आणि मग सगळं पुन्हा नीट जुळवून नवी, स्वच्छ फाईल लिहून पुढे धाडी. या दोन कामांच्या मधोमध त्याने एक यादी ठेवली होती, ओळखीच्या बिल्ल्यांची. यादीत असेल तो बिल्ला पुढे जाई. नसेल तो दारातच काढून घेतला जाई. हा कोड त्याची कंपनी इतर कंपन्यांना विकत असे, आणि त्या तो आपापल्या प्रोग्रॅममध्ये बसवत. तो पुढे कुठे कुठे जातो, कुणाच्या घरात पोचतो, हे विकणाऱ्या मंडळींना ठाऊक. त्याने कधी विचारलं नव्हतं.

ऑफिसात तपासणीचं काम करणारी एक मुलगी होती. सगळं जमून आलं की नेमकी हिची माशी शिंकते, म्हणून तिला माशीच म्हणत. तिला त्याचा राग नव्हता. एक दिवस ती स्वतःच म्हणाली, “काका, माशी शिंकली,” आणि खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसली.

“आता काय?”

“एका गिऱ्हाइकाची तक्रार आहे. ते लोक पाहुण्याच्या ओळीला स्वतःचा एक बिल्ला लावतात. आपल्याकडे येताना तो असतो, आपल्याकडून जाताना नसतो.”

“यादीतला आहे?”

“यादीतला कसा असेल? घरचा आहे त्यांचा. एक्सने सुरू होणारा. तसा कुणीही करावा अशी परवानगी आहे ना?”

“करावा की. आणि वाचणाऱ्याने तो ओळखीचा नसेल तर त्याच्याकडे लक्ष देऊ नये. नियमावलीत स्पष्ट आहे.”

“लक्ष देऊ नये म्हणजे उपटून टाकावा, असं कुठे आहे? आमच्या आईला शेजारच्या काकूंचं बोलणं कळत नाही. म्हणून ती काही त्यांना गच्चीवरून ढकलत नाही!”

पलीकडच्या टेबलावरचे दोघे फिस्सकन हसले. तोही हसला, पण हसता हसता मान हलवत राहिला.

“हे बघ. उद्या कुणी त्या बिल्ल्यात वाटेल ते कोंबेल. मधेच कोलन, मधेच स्वल्पविराम. पुढचा प्रोग्रॅम अडखळून आपटेल आणि नाव आपलं जाईल. मुद्द्याचं बोल. आपल्याकडून गेलेली फाईल आजवर कुठे आपटली?”

“नाही.”

“मग?”

“त्या बिल्ल्यावर ते लिहितात तरी काय, एवढं विचारू का त्यांना?”

“काय करायचंय? चोथ्यात काय होतं ते बघत बसलो तर चहा गार होईल.”

त्याने तक्रारीखाली ‘नियमाप्रमाणे’ एवढा एकच शब्द लिहिला आणि तक्रार बंद केली. माशी खुर्ची होती तिथे नेऊन ठेवून गेली.

महिन्यातून एका शनिवारी तो भेटघरात जाई. वेगळ्या झालेल्या आईबापांना आपल्या मुलांना भेटता यावं म्हणून चालवलेली ती जागा. लांब बोळ, बोळाच्या दोन्ही बाजूंना खोल्या. प्रत्येक खोलीत एक बुटकं टेबल, एक मोठी खुर्ची, एक लहान खुर्ची, धुरकट काचेची खिडकी आणि तुकडे हरवलेली कोडी. कोपऱ्यात समुपदेशक बाई पुस्तक उघडून बसत. त्या पान उलटत नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं.

त्याच्या मुलीला घरात ठकी म्हणत. लहानपणी ती चिंध्यांच्या बाहुलीसारखी जिथे ठेवावी तिथे बसून राही, म्हणून. आता ती त्या लहान खुर्चीत मावत नव्हती. गुडघे टेबलाला लागत. सुरुवातीच्या भेटींत ती पुष्कळ बोले. शाळा, मैत्रिणी, मांजर, मांजराचं आजारपण. मग कमी बोलू लागली. मग विचारलं तेवढंच. कोपऱ्यात तिऱ्हाईत बाई बसलेल्या असताना पोर काय बोलणार, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. ती खोटीही नव्हती.

त्या शनिवारी तो नवं कोडं घेऊन गेला होता. खोका टेबलावर ठेवतो न ठेवतो तोच बाई म्हणाल्या, “आधी ठकीला काही सांगायचंय.”

ठकीने खोक्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. “मला आता इथे यायचं नाही.”

“का? आईने काही...”

“आईचं नाव घेऊ नकोस. ती तर म्हणते, जा.”

“मग कारण काय? मुद्द्याचं सांग ना, बाळा.”

“सांगितलं होतं!” तिचा आवाज एकदम चढला. “दर वेळी सांगितलं. तू एकदा तरी वाचलंस?”

“कुठे सांगितलंस?”

ठकीने बाईंकडे मान वळवली. “बघा. मी म्हटलं नव्हतं, तो असंच म्हणेल?”

बाईंनी पुस्तक मिटलं आणि त्याला समजेल अशा बेताने सांगितलं. भेटीची तारीख ठरली की मुलांच्या फोनवर विचारणा जाते. ‘येणार’ की ‘नाही येणार’. त्याच्याखाली एक चौकोन असतो, ‘दोन शब्द’ असं लिहिलेला. समोरासमोर जे बोलवत नाही ते मुलांनी तिथे लिहावं. सक्ती नाही. पुष्कळ मुलं रिकामा सोडतात. ठकीने एकदाही रिकामा सोडला नव्हता.

“आम्ही ते वाचत नाही. ते थेट पालकांकडे जातं. तुमच्या आमंत्रणात तिच्या नावासोबत दिसायला हवं.”

“मला कधीच दिसलं नाही.”

“तसं आणखीही काही पालक म्हणाले होते,” बाई म्हणाल्या. “आम्ही प्रोग्रॅमवाल्यांना कळवलं. त्यांनी पुढे कुणाला तरी विचारलं म्हणे. उत्तर आलं, सगळं नियमाप्रमाणे आहे.”

तो शब्द त्याच्या कानात कुठेतरी अडकला. पण समोर ठकी होती.

“काय लिहिलं होतंस, ठके?”

“आता सांगून काय उपयोग? तेव्हाचं तेव्हा होतं.”

“एखादं तरी सांग.”

“आठवत नाही,” ती म्हणाली. ज्याला सगळं आठवतं तोच असं म्हणू शकतो, अशा सुरात.

निघताना बाईंनी त्याला बोळात थांबवलं. “पुढच्या महिन्याची विचारणा नेहमीसारखी जाईल. ती काय उत्तर देते ते तिचं तिने ठरवायचं. ‘नाही’ आलं तर आम्ही ओढून आणत नाही. भेटी थांबतात. तुम्हाला आधीच कल्पना असावी म्हणून सांगितलं.”

संध्याकाळी तो ताईकडे जेवायला गेला. मोठी बहीण, शनिवारचं जेवण तिच्याकडेच असे. त्याने घडलं ते सांगितलं. ताई पोळी लाटता लाटता ऐकत होती.

“तू लहानपणापासून असाच,” ती म्हणाली. “ताटात अनोळखी काही दिसलं की बोटाने बाजूला सारायचास. ‘हे काय आहे?’ विचारायचास सुद्धा नाहीस. आई म्हणायची, अरे, चव तरी घे. एकदा तरी.”

“त्याचा इथे काय संबंध?”

“नसेल,” ताई म्हणाली. “मुद्द्याचं नाहीये. तू जेव.”

सोमवारी ऑफिसात पोचल्यावर त्याने खिशातलं पाकीटही टेबलावर काढून ठेवलं नाही. भेटघराचं शेवटचं आमंत्रण शोधलं आणि फोनवर दिसतं तसं नाही, तर कच्च्या मजकुराच्या रूपात उघडलं. आयुष्यभर त्याने जगाच्या फायली अशा उघडून पाहिल्या होत्या. स्वतःला आलेली एकही नाही.

पहिली ओळ. ‘सुरुवात’ या नावाची ओळ, तिच्यावर कुठल्या प्रदेशाचं घड्याळ ते सांगणारा बिल्ला. मग पाहुण्यांच्या ओळी. तो स्वतः, समुपदेशक बाई, ठकी. ठकीच्या ओळीवर नावाचा बिल्ला होता, भूमिकेचा बिल्ला होता, ‘येणार’चा बिल्ला होता, आणि लगेच कोलन. एकही अक्षर इकडचं तिकडे नव्हतं. बिल्ल्यांचा तो क्रम आणि नाव गरज नसतानाही अवतरण चिन्हात घालायची ती सवय त्याला फार ओळखीची वाटली. आपलंच हस्ताक्षर दुसऱ्याच्या वहीत दिसावं, तसं.

फाईलच्या डोक्यावर ती कुणी बनवली हे लिहायची पद्धत असते. त्याने पान वर सरकवलं. तिथे त्याच्या कोडचं नाव होतं.

दिव्याखाली अंधार म्हणतात. पण अंधार तरी आपोआप पडतो. इथे त्याने तो यादी करून पाडला होता.

“माशी,” त्याने हाक मारली. ती आली, उभ्या उभ्या वाचू लागली. “ती तक्रार. एक्सवाल्या बिल्ल्याची. गिऱ्हाईक कोण होतं?”

“मुलांच्या भेटीबिटी ठरवायचा प्रोग्रॅम करतात ते लोक. का हो?” मग तिची नजर पाहुण्यांच्या ओळींवर गेली. त्याचं आडनाव तिथे होतं. ठकीच्या नावापुढेही तेच होतं. “काका, ही...”

“माझी मुलगी.”

माशीने खुर्ची ओढली आणि त्याच्याशेजारी बसली. मी म्हटलं होतं, असं ती म्हणाली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

त्याने भेटघराला फोन लावला. जुने चौकोन कुठे तरी राहिले असतील ना? पलीकडच्या कारकुनाने अदबीने सांगितलं की मुलांचा मजकूर खासगी असतो, भेट पार पडली की तो पुसून टाकतात. मग त्याने स्वतःच्या कंपनीच्या साठ्यात शोधलं. तिथे काही सापडणार नाही हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. काढून घेतलेले बिल्ले ठेवायची सोय त्याने केलीच नव्हती. चोथा कुणी जपून ठेवतं का?

ठकीच्या आईला फोन करायचा म्हणजे डोंगर चढण्यासारखं. तरी त्याने केला. सगळं सांगितलं, बिल्ल्यांपासून यादीपर्यंत.

“म्हणजे तूच,” शेवटी ती म्हणाली. “पोर लिहीत होती आणि तूच मधे बसून खोडत होतास.”

“मला माहीत नव्हतं.”

“तेच तर. तुला कळलं नाही ते तुझ्यासाठी नव्हतंच कधी. घरात मी काही सांगायला लागले की काय म्हणायचास? मुद्द्याचं बोल.” ती हसली, पण ते हसू ऐकायला बरं नव्हतं. “ती विचारायची मला, बाबाने वाचलं असेल का गं? मी म्हणायचे, वाचलं असेल, त्याला लिहिता येत नाही एवढंच. तुझी बाजू घेतली रे मी. चुकून का होईना.”

“तिला सांगशील?”

“सांगेन. पण एक ऐक. तुझं कारण नेहमी बरोबर असतं. आणि नेहमी उशिरा येतं.”

तिने फोन ठेवला.

त्यानंतरचे दिवस त्याने आणि माशीने त्या कोडवर घालवले. साहेब येऊन म्हणाले, “ही तक्रार बंद होती ना? मग ही घाई कशाला?” तो म्हणाला, “मी चुकीची बंद केली होती.” गाळणीच्या तोंडून असं वाक्य ऑफिसात पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. साहेब पुढे काही न विचारता निघून गेले.

यादी काढून टाकणं सोपं होतं. त्यापुढचं सोपं नव्हतं. अनोळखी बिल्ला आत घ्यायचा म्हणजे तो आहे तसा जपायचा, आणि बाहेर लिहिताना पुन्हा आहे तसाच लिहायचा. मजकुरात कोलन असेल तर सगळा मजकूर अवतरण चिन्हात ठेवायचा, नाहीतर पुढचा वाचणारा तिथेच ओळ संपली असं समजतो. मजकुरातच अवतरण चिन्ह असेल तर त्याच्याऐवजी ठरलेली खूण लिहायची. मुलाने मधेच नवी ओळ सुरू केली असेल तर तिचीही खूण. शिवाय लांब ओळ दुमडून लिहावी लागते. दुमडताना ती एखाद्या अक्षराच्या मधोमध तुटली आणि वाचणारा प्रोग्रॅम निष्काळजी असला, तर काना एकीकडे आणि अक्षर भलतीकडे जातं.

माशीने चाचणीसाठी वाक्यं रचली. एक होतं: आजी म्हणाली: “नको”, मग मी, उगाच, रडले. त्यानंतर नवी ओळ, आणि मांजर पण.

“हे कुठून सुचलं तुला?” त्याने विचारलं.

“लहान मुलं अशीच लिहितात,” माशी म्हणाली. “सगळं एकदम.”

पहिल्या खेपेला वाक्य ‘आजी म्हणाली’वरच तुटलं. दुसऱ्या खेपेला मांजर गळालं. त्याने पुन्हा लिहिलं, तिने पुन्हा तपासलं. अखेर आत गेलेली ओळ आणि बाहेर आलेली ओळ शेजारीशेजारी ठेवून दोघांनी एकेक अक्षर जुळवलं. मांजरासकट सगळं जागच्या जागी होतं. नवा कोड गिऱ्हाइकाकडे गेला, गिऱ्हाइकाने तो बसवला. आणि तो वाट पाहू लागला. वाट पाहणं म्हणजे काय असतं, ते या निमित्ताने त्याला थोडंफार कळलं.

आमंत्रण आलं ते दुपारी, सगळे जेवून जागेवर बसत असताना. त्याने फोनकडे पाहिलं, पण उघडला नाही. आधी माशीला बोलावलं. नव्या कोडमधून आलेली ही पहिली खरी फाईल होती, आणि खरं सांगायचं तर एकट्याने उघडायचा त्याला धीर नव्हता. त्याने ती कच्च्या मजकुराच्या रूपात उघडली आणि पाहुण्यांच्या ओळींपर्यंत सरकवत नेली.

माशीची नजर आधी बिल्ल्यावर गेली. कामाची नजर ती. “आला! काका, एक्सवाला आला! अवतरण चिन्ह बघा. आत कोलन आहे, तरी तुटलं नाही. ओळ दुमडलीये, तरी काना हललेला नाही!” तिने टाळी वाजवली.

पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं, “काय गं, गाळणी फुटली का?”

“फुटली!” माशी म्हणाली. आणि मग तिने ओळ वाचली. तिचा हात हळूच खाली आला.

ओळीवर नावाचा बिल्ला होता. भूमिकेचा होता. उत्तराच्या बिल्ल्यावर ‘नाही येणार’ होतं. आणि त्याच्यापुढे, शेवटपर्यंत शाबूत, ठकीचे दोन शब्द होते.

‘आई म्हणाली: तुला मिळालंच नव्हतं. खरं असेल. पण माझी वाट बघून झाली, बाबा.’

माशी उठून आपल्या जागेवर गेली. त्याने ओळ पुन्हा वाचली. चूक कुठेही नव्हती.

फोनवर मोठ्यांसाठी ‘येणार’ आणि ‘नाही येणार’ एवढंच होतं. तो चौकोन फक्त मुलांना होता. मोठ्यांना दोन शब्द लिहायची गरज पडेल असं तो प्रोग्रॅम करणाऱ्यांना वाटलं नसावं. त्याने ‘येणार’वर बोट टेकवलं.

त्या शनिवारी तो भेटघरात गेला. खोलीत टेबल होतं, मोठी खुर्ची होती, लहान खुर्ची कुणीतरी दुसऱ्या खोलीत नेली होती. बाई दारात आल्या आणि थबकल्या.

“अहो, तिने नाही म्हटलंय. आलं ना तुमच्याकडे?”

“आलं.”

“मग?”

“तेच सांगायला आलो. या वेळी आलं. एवढंच तिला कळवाल का? बाबाने वाचलं, म्हणून.”

बाईंनी दाराची कडी उगाच खालीवर केली. त्या वाईट बाई नव्हत्या. “भेटी थांबल्या की आम्हाला निरोप नेता येत नाहीत. मुलांवर दडपण येतं. आमच्याकडे तसा नियमच आहे.”

याच एका शब्दावर त्यानेही ती तक्रार बंद केली होती. त्याने मान हलवली, “बरोबर आहे,” म्हणाला, आणि पिशवीतून नेलेलं कोडं टेबलावर ठेवलं. त्यात सगळे तुकडे होते.

बोळात बाकावर एक गृहस्थ आपल्या पाळीची वाट पाहत बसले होते. फोनकडे बघून स्वतःशीच हसत होते. कुणाला तरी दाखवल्याशिवाय त्यांना राहवेना. हा समोरून येताना दिसला तसा त्यांनी फोनच पुढे केला.

“बघा हो, आमचं कार्टं काय लिहितंय! ‘येताना केस कापून या, मागच्या वेळी अस्वल दिसत होतात.’ आता बोला! इतके दिवस एक अक्षर लिहिलं नाही पठ्ठ्याने. मला वाटायचं, रागावलाय माझ्यावर. आता अचानक शहाणा झालाय.”

त्याने तो फोन हातात घेतला. मुलाचं नाव, आणि त्याखाली ती ओळ, दुमडल्याची खूणही न दिसता सरळ उमटलेली. त्याने ती शेवटपर्यंत वाचली आणि फोन परत दिला.

“आधीही लिहीत असेल तो,” तो म्हणाला.

“छे हो! मी दर वेळी बघायचो ना. काही नसायचं.”

“विचारून बघा त्याला,” तो म्हणाला. “आजच विचारा. अजून आठवत असेल.”

गृहस्थ काही न समजून त्याच्याकडे बघत राहिले. मग आतून त्यांचं नाव पुकारलं गेलं, आणि ते केसांवरून हात फिरवत लगबगीने खोलीत गेले.